मोकळा ठोका

"अजून बसलं नाही."

आत्याचं बोलणं एवढंच होतं म्हटलं तरी चालेल. पेटीला झाकण लावून बघताना ती हे म्हणायची, कडी कोयंड्यात अडकवताना म्हणायची, आणि चहाच्या पातेल्यावर ताटली ठेवतानाही म्हणायची. तीस वर्षांपूर्वी तिला बघायला पाहुणे आले होते. ते चहा पिऊन गेल्यावर वडिलांनी विचारलं, "काय वाटतं तुला?" तिच्या हातात झाकण होतं. ते तिने अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाली, "अजून बसलं नाही." ती झाकणाबद्दल बोलली की मुलाबद्दल, हे घरात कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुण्यांनी वाट बघितली आणि दुसरीकडे सोयरीक केली. झाकण मात्र तासाभरात बसलं.

ती पत्र्याच्या पेट्या करायची. वडिलांचं दुकान होतं, रस्त्याकडेला, वर राहायच्या तीन खोल्या. दुकान धाकट्या मुलीकडे आलं, कारण थोरल्या मुलाला आवाज सहन होत नव्हता. दादा लहानपणापासून कानात बोटं घालून जेवायचा. पुढे त्याने आपल्या स्वभावाला साजेशी नोकरी धरली. तो वाचनालयात लागला, आणि पस्तीस वर्षं त्याने लोकांना गप्प बसवलं. निवृत्त होताना त्याला शाल आणि घड्याळ मिळालं. त्याने मात्र भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी मागून घेतली, घरी आणली आणि खाली उतरून बहिणीच्या दुकानात मधोमध लावली. आत्याने तिच्याकडे बघितलं, मान डोलावली आणि पाटीच्या खिळ्याला पत्रा कापायची कातर अडकवली. खिळा चांगला होता.

आता तिच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या हातामुळेच झालं.

पत्र्याची कड तारेवर दुमडायची असते तेव्हा सगळे कारागीर सरळ ठोकत जातात, ठक ठक ठक ठक. तिचे वडील तसं करत नसत. ते तीन ठोके पत्र्यावर मारत, आणि चौथा शेजारच्या उघड्या ऐरणीवर, हलकेच, हातोडा आपल्याच वजनाने पडेल इतकाच. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा चौथा ठोका चुकतोय. त्यांनी मुलीला सांगितलं होतं, "तीन ठोके सांगायचे असतात. चौथा ऐकायचा असतो. त्या ठोक्याला हात विसावतो आणि कान मोकळा होतो. मग पत्रा सांगतो, कुठं बसलाय आणि कुठं फुगलाय." या चौथ्याला ते मोकळा ठोका म्हणत. त्यांच्या पेट्यांची झाकणं वीस वीस वर्षं कुरकुरत नसत ती यामुळेच, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ज्यांच्याकडे पेट्या होत्या त्यांचंही.

वडील गेले तेव्हा हा हात जगात तिच्या एकटीच्या खांद्यात उरला. आत्याला अठ्ठावन्नावं लागलं, उजवा खांदा सकाळी उठायला कुरकुर करू लागला, आणि लोक हलक्या, चाकांच्या, ओढत न्यायच्या बॅगा घेऊ लागले. पेट्या कमी झाल्या याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. हात कुणाला द्यायचा, एवढाच घोर तिला होता. भाच्याला तिने बारा वर्षांचा असताना बसवून बघितलं होतं. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बोट कापलं, आणि वहिनी खाली येऊन म्हणाली, "वन्सं, एकुलता एक आहे हो माझा." आत्याने हातोडा परत घेतला.

भाच्याला ती सोन्या म्हणायची. लाडाने म्हणते, असं सगळ्यांना वाटायचं. तिच्या धंद्यातल्या माणसाला मात्र कळलं असतं, की सोनं जड असतं खरं, पण मऊ.

हा सोन्या सत्तावीस वर्षांचा झाला, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासू लागला, केस खांद्यापर्यंत वाढवले, आणि एक दिवस खाली येऊन दाराच्या चौकटीला टेकला.

"आत्या, मागची खोली रिकामीच आहे ना?"

"रिकामी कुठली? पत्रा आहे."

"थोडा सरकवू. आम्हाला सरावाला जागा हवीय. आम्ही बँड काढलाय. हेवी मेटल."

आत्याने हातोडा खाली ठेवला. पहिल्यांदाच या पोराच्या तोंडून तिच्या कळण्यातला शब्द निघाला होता.

"हेवी म्हणजे किती गेजचं?"

"म्हणजे?"

"आमचं बावीसचं काम. फार तर वीस. सोळाच्या जाड पत्र्याला हात घालणार असाल तर आधी सांग, इथं जमिनीला तडा जाईल."

"आत्या, संगीत आहे ते! गिटार, ड्रम. जोरात वाजवतात."

"अस्सं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पडला, पण किल्ली तिने दिली.

असे ते तिघे आले. सोन्या गिटार वाजवायचा. दुसरा घोगऱ्या. तो दिवसा मालमोटारींच्या तळावर गाड्या मागे घ्यायला मदत करायचा, म्हणजे दिवसभर गाडीच्या पाठीमागे उभा राहून ओरडायचा. दहा वर्षांत त्याचा आवाज असा बसला होता की पुन्हा उठायचं नावच घेईना. तो गायक होता. तिसरा दातवाला. हा कवळ्या बनवायचा, जाड तारांची मोठी गिटार वाजवायचा आणि बोलायचा नाही. दिवसभर लोकांचे दात हातात घेतल्यावर माणसाला बोलावंसं वाटत नसेल. चौथा ड्रमवाला होता, पण त्याची बदली झाली, म्हणून ठेक्यासाठी त्यांनी एक यंत्र आणलं होतं. बँडचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'काळाचा जबडा'. नाव शोधायला तीन महिने लागले होते. गाणं अजून एकही नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी आवाज सुरू केला तेव्हा वर दादाच्या कानठळ्या बसल्या, वहिनीचं दूध उतू गेलं आणि रस्त्यावरचा सायकलवाला खाली उतरून आपली साखळी तपासू लागला. आत्या मधल्या फळीच्या भिंतीअलीकडे बसून पेटीचा तळ दुमडत होती. तिने क्षणभर ऐकलं, आणि आपलं काम पुढे चालू ठेवलं.

आठवड्याने सोन्या तणतणत आला. "आत्या, तुझी ठोकठाक आमच्यात घुसते. यंत्र एक सांगतं, तू एक सांगतेस."

"मग तुम्ही माझ्यात घुसताय त्याचं काय? सहा पेट्या द्यायच्यात मला."

"थोडा वेळ थांबू शकत नाहीस?"

"तुझा बाप पस्तीस वर्षं हेच विचारतोय."

असं चाललं पंधरा-वीस दिवस. मग एकदा दुपारी आत्या चहा करायला वर गेली आणि मागच्या खोलीतलं गाणं बसलं. बसलं म्हणजे जमलं नव्हे. खाली बसलं, थकलेल्या बैलासारखं. यंत्र चालू होतं, तारा चालू होत्या, घोगऱ्याचा घसा चालू होता, आणि गाणं मात्र हलेना. तिघेही थांबले. घोगऱ्या फळीच्या फटीतून डोकावला.

"आत्या कुठे गेल्या?"

"चहाला."

"मग बोलाव ना! यंत्राला कोण विचारतंय? महिनाभर आपण त्यांच्यावरच चाललोय."

दातवाला पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मी तर यंत्र केव्हाच ऐकणं सोडलं."

आत्याला ते विचारायला गेले तेव्हा ती बशीत चहा ओतत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. लोकांसमोर वाजवायचं, नाव होईल, हे तिने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं. पण घोगऱ्या म्हणाला, "तो चौथा येतो ना आत्या, हळू पडतो तो, तिथे मला श्वास सापडतो," तेव्हा तिची बशी तोंडापाशी थांबली. वडिलांनंतर चौथ्याबद्दल कुणी बोललेलं तिने ऐकलं नव्हतं.

"मी वाजवीन," ती म्हणाली. "पण तुम्ही हात शिकायचा. तिघांनी."

तिघांनी हो म्हटलं. असल्या वेळी माणसं हो म्हणतात.

त्यांनी तिला ड्रमवर बसवून बघितलं. तिने एक ठोका मारला आणि काठी खाली ठेवली. "हे कातडं आहे. मारलं की परत मारतं. मला नको." तेव्हा ठरलं की तिने आपलं सामान वाजवायचं: एक मोठी पेटी, पाण्याची एक जुनी टाकी आणि ऐरण. ऐरण उचलायला चार माणसं लागली. टेम्पोत चढवताना घोगऱ्या कळवळून म्हणाला, "आता कळलं याला हेवी मेटल का म्हणतात."

पहिला कार्यक्रम मालमोटारींच्या तळावर झाला, भर दुपारी, घोगऱ्याच्या वशिल्याने. दोन गाड्यांच्या मधली जागा, पन्नासेक चालक, कुणी टायरवर बसलेले, कुणी टपावर. गाणं एकच तयार होतं. घोगऱ्याला शब्द सुचत नव्हते, म्हणून तो दिवसभर जे म्हणायचा तेच त्याने म्हटलं:

"येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप, येऊ दे, अजून येऊ दे, भिंत आहे मागे, येऊ दे... बास!"

चालक उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादं गाणं शब्दन् शब्द कळलं होतं. आत्याचे तीन ठोके पेटीवर पडायचे आणि चौथा ऐरणीवर, हलका, मोकळा. तिसऱ्या कडव्याला एका चालकाने गाडीच्या फळीवर अंगठीचं बोट टेकवलं, बरोबर चौथ्याला. मग दुसऱ्याने चहाच्या ग्लासवर. तिने मान वर करून बघितलं आणि पुटपुटली, "अजून बसलं नाही." बसलं नव्हतंच, त्यातले निम्मे उशिरा पडत होते. पण तिचे डोळे काही वेगळंच सांगत होते.

आता नावाची गंमत. पेट्या मालमोटारीने बाहेरगावी जायच्या आणि हमाल त्या उलट्या रचायचे, म्हणून वडिलांनी साचा करून घेतला होता. प्रत्येक पेटीवर काळ्या रंगात ठळक उमटायचं, 'ही बाजू वर', आणि शेजारी बाण. आत्याची पेटी लोकांसमोर आडवी ठेवलेली. 'काळाचा जबडा' लिहिलेलं कापड वाऱ्याने गुंडाळलं गेलं होतं. गाणं संपल्यावर टपावरचा एक जण तोंडाशी हात धरून ओरडला, "ही बाजू वर! अजून एकदा!" आणि पन्नास जण ओरडले, "ही बाजू वर! ही बाजू वर!"

सोन्याचा चेहरा उतरला. तीन महिन्यांचा जबडा एका दुपारी मिटला.

पुढचं फार भराभर झालं, आणि मोठेपणा भराभर येतो तेव्हा त्यात कुणाचंच फारसं डोकं लागलेलं नसतं. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं, ते गाड्यांबरोबर गावोगाव गेलं, आणि जिथे जिथे गाड्या थांबतात तिथून बोलावणी आली. गॅरेजवाल्यांच्या मेळाव्यात वाजवलं, कॉलेजच्या मैदानावर वाजवलं. काळे कपडे घातलेली, केस वाढवलेली तरुण मंडळी आत्याच्या पाया पडायला यायची आणि ती त्यांना विचारायची, "बाळांनो, घरी काही झालंय का?" वर्तमानपत्रात एका जाणकाराने लिहिलं, 'येऊ दे' या गीतात माणसाकडे उलट्या पावलांनी येणारा मृत्यू आहे आणि चौथ्या ठोक्यात श्रमिकाच्या आयुष्याची पोकळी आहे. सोन्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"पोकळी नाही म्हणावं," आत्या म्हणाली. "कान द्यायची जागा आहे."

"आणि मृत्यू कुठून आला?" घोगऱ्याने विचारलं. "चौदा चाकी होती ती. सिमेंटची."

ठरल्याप्रमाणे शिकणं मात्र होत नव्हतं. आत्या रोज सकाळी तिघांना ऐरणीशी बसवायची. दातवाला चौथा ठोका मारायचाच नाही, लाजायचा. घोगऱ्या इतका जोरात मारायचा की तो चौथा न राहता पुन्हा पहिला व्हायचा. आणि सोन्याला रिकामी जागा दिसली की बघवत नसे. चौथा पडायच्या आत तो तिथे गिटारचे पाच-सात सूर भरून टाकायचा. "अरे, जागा ठेव," ती म्हणायची. "तिथं पत्रा बोलतो." सोन्या म्हणायचा, "आत्या, लोकांना कंटाळा येईल ना." ती म्हणायची, "अजून बसलं नाही," आणि खांद्याला तेल चोळायला वर जायची. त्या वर्षी हिवाळ्यात तिला वेणी घालायलाही हात वर नेता येईनासा झाला होता. तिने कुणाला सांगितलं नाही. वेणीऐवजी अंबाडा बांधू लागली, आणि काळ्या कपड्यांतल्या मुलींनी तसाच अंबाडा बांधायला सुरुवात केली.

अशात ते साहेब आले. मोठ्या कंपनीचे, पांढरे बूट, बोलणं मऊ. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची खोली होती, भिंतींना गाद्या लावलेली. आत्याला ती खोली दादासाठी फार आवडली. चौघांनी आपलं आपलं वाजवलं. मग साहेबांनी पडद्यावर ते दाखवलं. करवतीच्या दातांसारखी रांग होती, आणि त्यात प्रत्येक चौथा दात बुटका, जरा मागे सरकलेला.

"हे बघा, इथे गडबड आहे," साहेब म्हणाले. "हा चौथा पडतच नाही. पण काळजी करू नका." आणि त्यांनी बोटाने एकेक दात ओढून सरळ रांगेत लावला, सगळे सारख्या उंचीचे केले आणि वाजवून दाखवलं. ठक ठक ठक ठक.

आत्या पुढे वाकली. "अहो, पत्रा फुगेल."

"इथे पत्रा नाहीये, बाई."

"तेच म्हणतेय मी."

कुणी हसलं नाही. आत्याने मागे वळून भाच्याकडे बघितलं. "सोन्या, तुला काय वाटतं?"

सोन्या आपल्या बुटांकडे बघत होता. "चांगलं होईल, आत्या. लोक जास्त ऐकतील."

"जास्त ऐकतील," ती म्हणाली. एवढंच. हातोडा फडक्यात गुंडाळला, आणि परत येताना टेम्पोत ती ऐरणीवर हात ठेवून बसली, प्रवासात म्हातारं माणूस सांभाळावं तसा.

गाणं सरळ होऊन बाहेर आलं आणि खरंच जास्त लोकांनी ऐकलं. मग मोठ्या सभागृहातला कार्यक्रम ठरला. दोन हजार खुर्च्या, वर सज्जा. साहेबांनी सांगितलं की ठेका यंत्रातून येईल, म्हणजे चूक व्हायला नको. आत्यांनी फक्त हात हलवायचा. ऐरणीवर आणि पेटीवर रबर चिकटवलं जाईल, वरून काळं कापड.

"म्हणजे मी मारायचं, पण वाजायचं नाही?"

"बरोबर! आणि खांद्यालाही आराम," साहेब म्हणाले. खांद्याचं त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे. बहुधा मऊ बोलणाऱ्यांची नजर तिखट असते.

घोगऱ्या भडकला. "आत्या, तुम्ही नाही म्हणा. मी पण नाही म्हणतो." आत्याने विचार केला. नाही म्हटलं असतं तर यंत्र तरीही राहिलं असतं, फक्त ती नसती. आणि तिला एक गोष्ट शेवटची बघायची होती. दोन हजारांत एखादा तरी असेल का, ज्याला चौथा नसल्याचं कळेल? एक जरी निघाला, तरी हात वाया गेला नाही. नाही निघाला, तर घरी जाऊन हातोडा पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं.

"जाऊ," ती म्हणाली. "ऐकून तर येऊ."

कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर दादा येऊन बसला. पहिल्यांदाच बहिणीला ऐकायला आला होता, आणि म्हणून दोन्ही कानांत गच्च कापूस भरला होता. खालच्या खुर्च्यांवर सरळ गाण्याचे नवे श्रोते होते. सज्ज्यात, स्वस्त जागांवर, तळावरचे चालक बसले होते, अगदी पहिल्या दुपारचे टायरवालेसुद्धा.

दिवे लागले, लोक ओरडले, यंत्र सुरू झालं. आत्याने हातोडा उचलला आणि मारला. रबराने तो गिळला. चाळीस वर्षांत तिचा ठोका कधी मुका पडला नव्हता. तिला आधी वाटलं आपले कानच गेले. मग यंत्राचं ठक ठक ठक ठक भिंतींवरून येऊन तिच्या हाताखालून निघून गेलं, जसं काही ती तिथे नव्हतीच. पहिलं गाणं तसंच संपलं. टाळ्या दणदणीत. आत्या खाली मान घालून बसली होती.

दुसरं गाणं 'येऊ दे'. घोगऱ्याने सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीला वरून, सज्ज्यातून, एक आवाज आला. कठड्याच्या लोखंडी नळीवर अंगठी टेकल्याचा. चौथ्याला. हलका.

यंत्र त्यावरून पुढे गेलं. पुन्हा चार, आणि पुन्हा तो आवाज. आता तीन-चार अंगठ्या. मग सगळा सज्जा. यंत्राला थांबणं माहीत नव्हतं आणि चालकांना घाई माहीत नव्हती. चौथा ऐकायला ते केसभर थांबत आणि तेवढ्यात यंत्र पुढे गेलेलं असे. अर्ध्या मिनिटात सभागृहात दोन गाणी झाली, एक वरचं, एक खालचं, आणि मधे सोन्याची बोटं तारांवर कुठे जावं ते न कळून घसरू लागली. साहेब पडद्याआडून हात उंच करून खुणा करत होते. घोगऱ्याने एकदा यंत्राच्या पेटीकडे बघितलं, एकदा सज्ज्याकडे, आणि मागे येणारी गाडी भिंतीला लागणार म्हटल्यावर जसा ओरडायचा तसा जिवाच्या आकांताने ओरडला:

"बास!"

दोनशे चालकांच्या दोनशे पायांनी आपोआप ब्रेक दाबला. यंत्रावर बसलेल्या माणसालाही वाटलं काहीतरी अपघात झाला. त्याने बटण बंद केलं. सोन्याचा हात थांबला, दातवाल्याचा थांबला. दोन हजार माणसांचं सभागृह असं गप्प झालं, की तसं पस्तीस वर्षांत दादाला वाचनालयात जमलं नव्हतं.

मग वर कुणीतरी पाय आपटला. एक, दोन, तीन. आणि कठड्यावर अंगठी.

पुन्हा तीन, आणि अंगठी. दुसऱ्या फेरीला पूर्ण सज्जा होता. तिसऱ्याला खालच्या खुर्च्याही येऊन मिळाल्या, काळे कपडे आणि अंबाडेवाल्या मुली, खुर्चीच्या लोखंडी हातांवर नखं टेकवत. तीन जोरात, जमीन हादरेल असे. आणि चौथा इतका हलका, की तो ऐकायला प्रत्येकाला आपला श्वास रोखावा लागत होता.

आत्या मान तिरकी करून बसली होती, पेटीचं झाकण तपासताना बसायची तशी. कुठे फुगतंय का ते ती बघत होती. डावीकडे जरा उशीर होत होता. दोन फेऱ्यांत तो गेला. मागच्या रांगा घाई करत होत्या, त्याही आल्या. सोन्या तिच्याकडे बघत होता. त्याच्या पायाने तीन धरले होते, आणि चौथ्याला त्याची बोटं तारांवर होती, पण वाजत नव्हती. जागा ठेवली होती त्याने. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने ऐरणीवरचं काळं कापड काढलं, मग नखाने उचकटून रबर. पुढच्या फेरीला लोकांनी तीन मारले, आणि चौथ्याला तिने हातोडा आपल्याच वजनाने ऐरणीवर पडू दिला. एकदाच. तो आवाज वर गेला आणि सावकाश खाली आला.

"बसलं," आत्या म्हणाली.

माइक तिच्यापासून लांब होता. ऐकलं ते शेजारच्या दातवाल्याने फक्त, आणि तो कुणाला सांगणाऱ्यातला नव्हता.

तिने हातोडा फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला, कारण सकाळी दोन पेट्यांची झाकणं राहिली होती. पडद्याआडून साहेब धावत आले. "बाई, कुठे निघालात? अजून सात गाणी आहेत!"

"चालू द्या की," ती म्हणाली, आणि रबराचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. "हे घ्या तुमचं."

मंचाच्या कडेच्या चार पायऱ्या ती कठड्याला धरून उतरली आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागली, घाई नाही, पिशवी डाव्या खांद्याला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी वाट करून दिली आणि ठेका सोडला नाही. पाठीमागे घोगऱ्याने सवयीने म्हटलं, "जाऊ दे, जाऊ दे, सरळ आहे, जाऊ दे," आणि सोन्या मंचावर उभा राहून बघत राहिला, गिटार गळ्यात, बोटं मोकळी.

तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर दादा बसला होता. बहीण जवळून गेली तेव्हा तो काहीतरी बोलायला अर्धा उठला आणि परत बसला. कापूस त्याने काढला नाही. पण ती दारातून बाहेर जाईपर्यंत तो मान वळवून बघत होता, आणि खुर्चीच्या लोखंडी हातावर त्याचं एक बोट तीनदा उचललेलं राहत होतं, चौथ्यांदा टेकत होतं.